शंभर बाय-इनचा नियम बुडण्यापासून वाचवत नाही

ऑनलाइन पोकरच्या टुर्नामेंट खेळणाऱ्या मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की ज्या स्पर्धा खेळायच्या त्यांच्या प्रवेश शुल्काच्या, म्हणजे बाय-इनच्या, शंभर पट रक्कम बँकरोल म्हणून, म्हणजे केवळ खेळासाठी, बाजूला काढावी, एका स्पर्धेत तिच्या एक टक्क्याहून अधिक घालू नये आणि ही शिस्त पाळली की माणूस बुडूच शकत नाही. कर भरूनही पैसे उरतात, असे त्यात पुढे म्हटलेले असते. अलीकडे त्याला एक शेपूट जोडले गेले आहे: भारतीय साइट बंद झाल्या तरी परदेशी साइटवर किंवा गोव्यात हाच नियम चालतो, कारण खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हा मजकूर वाचणाऱ्यांत भाडे, हप्ते आणि मुलांची फी एकाच पगारातून भागवणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

शंभर हा आकडा कोणत्या स्पर्धेसाठी, हेच मुळात त्या मजकुरात सांगितलेले नाही. नऊ जणांच्या एका टेबलाची सिट अँड गो, म्हणजे जागा भरल्या की लगेच सुरू होणारी छोटी स्पर्धा घेतली, जिथे पहिल्या तिघांना ५०, ३० आणि २० टक्के मिळतात, तर निकालांमधील चढउतार लहान असतो. दीर्घकाळात दहा टक्के परतावा मिळवणारा खेळाडू तिथे शंभर बाय-इन गमावण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी भरते. तिथे हा नियम पुरेसा आहे, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच सावध आहे. पण आपल्याकडे लोक जी स्पर्धा रविवारी संध्याकाळी खेळत होते ती हजार-हजार जणांची. समजा, हजार खेळाडूंपैकी सुमारे दीडशे जणांना बक्षीस आहे, पहिल्याला एकूण रकमेच्या १८, दुसऱ्याला १२ आणि तिसऱ्याला ९ टक्के मिळतात, आणि आपला खेळाडू इतका चांगला आहे की त्याचा सरासरी परतावा २० टक्के आहे. या गृहीतकांवर हिशेब मांडला, तर एकाच पातळीवर खेळत राहिल्यास शंभर बाय-इनचा बँकरोल कधी ना कधी संपण्याची शक्यता जवळपास निम्मी येते. तीनशे बाय-इन ठेवले तर ती सुमारे १३ टक्क्यांवर आणि पाचशे ठेवले तर तीन-चार टक्क्यांवर उतरते. हे सर्व आकडे जिंकणाऱ्या खेळाडूचे आहेत, हे कृपया विसरू नये.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. मोठ्या स्पर्धेत बक्षिसाची निम्म्याहून अधिक रक्कम अंतिम टेबलावरच्या नऊ जणांत वाटली जाते, आणि उत्तम खेळाडूही तिथवर शंभरात एखाद्याच वेळी पोहोचतो. उरलेल्या वेळी तो एकतर पूर्ण प्रवेश शुल्क गमावतो किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट घेऊन बाहेर पडतो. म्हणजे वर्षभराची कमाई दोन-तीन रात्रींवर अवलंबून असते, आणि त्या रात्री येईपर्यंतचा काळ काढण्यापुरताच बँकरोलचा उपयोग असतो.

यावर असे उत्तर दिले जाते, की रक्कम कमी झाली की लहान स्पर्धांकडे उतरायचे, म्हणजे एक टक्क्याचा नियम आपोआप वाचवतो. मी हेही तपासून पाहिले. वरच्याच उदाहरणातील खेळाडूने प्रत्येक वेळी उरलेल्या रकमेचा नेमका एक टक्का लावला, तर तो कधीच शून्यावर येत नाही हे खरे. पण त्याचा बँकरोल दीर्घकाळात वाढण्याऐवजी आटत जातो, कारण त्या चढउतारांच्या मानाने एक टक्का हा हिस्साच फार मोठा आहे. तोच हिस्सा पाव ते अर्धा टक्का ठेवला, तर वाढ सुरू होते. शिस्तीच्या नावाखाली सांगितला जाणारा आकडा प्रामाणिकपणे पाळणाऱ्या कुशल माणसालाही मागे ओढतो, ही या मजकुरातील सर्वांत गंभीर चूक आहे.

याच्या समर्थनार्थ अमेरिकी पोकरपटू क्रिस फर्ग्युसन यांचे नाव नेहमी घेतले जाते. शून्यापासून दहा हजार डॉलरपर्यंत जाण्याचा त्यांचा प्रयोग खरा आहे, आणि टुर्नामेंटमध्ये दोन टक्क्यांहून अधिक न घालण्याची अट त्यांनी स्वतःवर घातली होती हेही खरे आहे. परंतु ते २००० साली पोकरच्या जागतिक स्पर्धेचे विजेते ठरलेले होते, आणि त्या प्रयोगात सिट अँड गो व कॅश गेम (स्पर्धेऐवजी थेट पैशांवर चालणारा खेळ) यांचाही वाटा होता. शिवाय यशस्वी झालेला एक प्रयोग सांगितला जातो तेव्हा त्याच नियमाने खेळून संपलेले कितीजण होते, हे कोणी सांगत नाही.

शिस्त असली की तोटा अशक्य, या विधानाला उत्तर द्यायला फार शब्द लागत नाहीत. १,१०० रुपयांच्या प्रवेशात साधारणपणे १,००० बक्षिसात जातात आणि १०० साइट ठेवते, म्हणजे सरासरी खेळाडू प्रत्येक वेळी सुमारे नऊ टक्के गमावूनच टेबलावर बसतो. अशा खेळाडूला शंभर, हजार किंवा दहा हजार बाय-इन दिले तरी फरक एवढाच पडतो, की पैसे संपायला अधिक दिवस लागतात. आपण सरासरीच्या वर आहोत की नाही, हे तरी कळते का? वर घेतलेल्या प्रकारच्या एका स्पर्धेतील चढउतार साधारण आठ बाय-इनचा असतो. त्यामुळे हजार स्पर्धा खेळल्यावरही स्वतःच्या परताव्याचा अंदाज पंचवीस टक्के इकडे किंवा तिकडे चुकू शकतो. हजार स्पर्धांनंतर वीस टक्के नफ्यात दिसणारा माणूस खरोखर तोट्यातला खेळाडू असू शकतो, आणि याच्या उलटही घडते.

त्यातही नोंदी नीट ठेवल्या असतील तरच हा हिशेब लागू पडतो. कांजूरमार्गला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने त्याची वही मला मोठ्या विश्वासाने दाखवली होती. एका रविवारच्या ओळीत प्रवेश १,१०० आणि त्यापुढे हिरव्या शाईत जमा २,३०० असे लिहिले होते, आणि शेवटच्या रकान्यात नफा १,२००. त्या स्पर्धेत त्याने दोन वेळा री-एंट्री घेतली होती, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा शुल्क भरून प्रवेश केला होता, ती वहीत कुठेच नव्हती. खरा खर्च ३,३०० आणि खरा निकाल १,००० रुपयांचा तोटा होता. तो खोटे लिहीत नव्हता. री-एंट्री म्हणजे त्याच स्पर्धेचा पुढचा भाग, असे त्याला मनापासून वाटत होते. प्रत्येक री-एंट्री हा स्वतंत्र बाय-इन असतो, आणि उशिरा घेतलेली असेल तर ब्लाइंड (प्रत्येक डावात भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमा) वाढलेले असल्याने चांगल्या खेळाडूची आघाडीही तिथे कमी होते. जो सरासरी दोनदा प्रवेश करतो, त्याचे शंभर बाय-इन म्हणजे प्रत्यक्षात पन्नासच स्पर्धा.

कर भरूनही पैसे उरतात, हे विधान फार तर एका आर्थिक वर्षापुरते खरे ठरते. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि त्यावर उपकर लागतो, आणि एका वर्षातील तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. एका वर्षी दीड लाख हरलेला आणि पुढच्या वर्षी दोन लाख जिंकलेला खेळाडू स्वतःला पन्नास हजारांनी पुढे समजतो. पण दोन लाखांवर उपकरासह ६२,४०० रुपये कर भरल्यावर तो १२,४०० रुपयांनी मागे असतो. मोठे बक्षीस क्वचितच येत असल्यामुळे टुर्नामेंट खेळणाऱ्यालाच ही अडचण सर्वाधिक भोवते. त्याशिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, म्हणजे तेव्हा दहा हजार भरले की त्यातले सुमारे २,१८८ रुपये करात जात. अनेक कंपन्या ती घट बोनस देऊन भरून काढत असत, म्हणून ती लोकांच्या नजरेत आली नाही.

आता त्या नव्या शेपटाकडे वळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा भेद न ठेवता पैशांवरचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तसेच बँकांना व पेमेंट कंपन्यांना असे व्यवहार हाताळण्यास मनाई आहे. केवळ खेळणाऱ्याला शिक्षा नाही, एवढा भाग खरा आहे. मात्र त्यातून पैसे सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघत नाही. सरळ मार्ग बंद असल्यामुळे पैसे एजंट, अनोळखी माणसाचे यूपीआय खाते किंवा क्रिप्टो यांतून फिरतात, आणि त्या साखळीतील एखादी रक्कम सायबर फसवणुकीच्या तक्रारीत सापडली, तर ती ज्याच्या खात्यात आली त्याचे खाते गोठवले जाऊ शकते. पगाराचेच खाते असेल तर घराचा हप्ता अडकतो. आणि साइटवर दिसणारी शिल्लक आपली असतेच असे नाही: फर्ग्युसन यांचा प्रयोग ज्या फुल टिल्ट पोकरवर झाला, तिच्याबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने सप्टेंबर २०११ मध्ये न्यायालयाला सांगितले, की तिच्याकडून खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे आहे आणि बँकेत सुमारे ६ कोटी आहेत. अमेरिकी खेळाडूंना आपले पैसे २०१४ पासून मिळू लागले. तोपर्यंत कितीही बाय-इन खात्यात दिसत असले, तरी त्यांचा उपयोग नव्हता.

गोव्यात प्रत्यक्ष टेबलावर खेळणे कायदेशीर आहे, पण तिथे नियम जसाच्या तसा नेला तर हिशेब कोसळतो. समजा, मुंबईहून जाऊन एका फेरीत प्रत्येकी १५,००० रुपयांच्या तीन स्पर्धा खेळल्या आणि परतावा तोच २० टक्के धरला, तर त्या फेरीची अपेक्षित कमाई ९,००० रुपये होते. जाण्या-येण्याचे भाडे, तीन-चार रात्रींची खोली आणि जेवण यांत ती सहज संपते. ज्या दीर्घकाळावर हा सगळा हिशेब उभा आहे, तोही इथे हाती नसतो: वर्षाला चाळीस स्पर्धा खेळल्या, तर पाचशे स्पर्धांना साडेबारा वर्षे लागतील.