पायाखालचा नकाशा

तीन वर्षांपूर्वी वेल्समध्ये, कार्डिफच्या उत्तरेला, जुन्या कोळसापट्ट्यात आम्ही घर घ्यायला काढलं. वकिलानं पुढ्यात पहिला कागद ठेवला तो खाणींचा अहवाल. घराखालचे कोणते थर उपसलेत, किती खोलीवर, शेवटचं काम कधी थांबलं, 20 मीटरच्या आत एखादं जुनं चानक, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, आहे का, जमीन खचल्याची भरपाई आधी कुणी मागितली होती का. किंमत म्हणाल तर दोघांच्या एका हॉटेलातल्या जेवणाएवढी. बायको स्वयंपाकघराची मापं बघत होती आणि मी त्या नकाशाला चिकटून बसलो होतो.

कारण मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसचा. वडील भूमिगत खाणीत होते. तिसरी पाळी करून आले की डोळ्यांच्या कडांना काजळासारखी कोळशाची रेघ असायची. घराखाली काय आहे हे आम्ही कधी विचारलं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं, 60-70 फूट खाली. हादरा जाणवून माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी, बंद पडलेली खाण होती. भूमिगत खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात. पुढं ते खांबही काढले तर पोकळीत वाळू भरावी लागते. भरण अर्धवट राहिली, पाणी शिरलं, तर छत पन्नास वर्षांनीही बसू शकतं. खाण बंद झाली हे कागदावर. जमिनीला ते कुणी कळवलेलं नसतं.

सध्या आपल्याकडची चर्चा मात्र टनांची. 2024-25 मध्ये देशाच्या कोळसा उत्पादनानं 100 कोटी टन ओलांडले. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाला वर्षाला 30 लाखांवरून 1 कोटी टनांची परवानगी 2023 मध्ये मिळाली. त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे, दरवर्षी जानेवारीत जत्रा भरते. विस्ताराची जनसुनावणी झाली ती शंभर किलोमीटरहून लांब, गडचिरोली शहरात.

हे फोनवर बोललो की आतेभाऊ चिडतो. "दादा, तुले काय होते तिकडं बसून बोलाले? इथं पोट्ट्यायले काम भेटून राह्यलं." त्याचं चूक नाही. माझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा कोळशातूनच भरली गेली. खाणी बंद करा असं मी म्हणूच शकत नाही.

आणि इथं सगळं आलबेल आहे असंही नाही. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर अॅबरव्हॅन नावाचं खाणगाव आहे. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी डोंगरावरचा कोळशाच्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं. ढिगारा झऱ्यावर रचला होता आणि तो झरा नकाशात होता. शाळेमागच्या या ढिगाऱ्याच्या धोक्याचं पत्र नगरपालिकेच्या अभियंत्यानं 1963 मध्येच लिहिलं होतं. पुढची गोष्ट ऐकून माझा विश्वासच बसेना: गावावरचे उरलेले ढिगारे हटवायला सरकारनं मृतांसाठी जमलेल्या देणगीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळाले 1997 मध्ये, तेही व्याजाविना.

शाळेच्या जागी आता बाग आहे. वर टेकडीवर पांढऱ्या कमानींची रांग, कमानींखाली ती मुलं. ढिगारे हलले ते याच आईबापांनी पिच्छा पुरवला म्हणून. स्मारक सांभाळणारे आणि सुरक्षिततेसाठी भांडणारे लोक वेगळे नव्हतेच. तरीही 2020 च्या वादळात टायलर्सटाउनला जुना ढिगारा घसरला, तेव्हा कुठं वेल्सभरच्या अडीच हजारांच्या आसपास बंद ढिगाऱ्यांची यादी करायला घेतली. त्यांच्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमण्याचा कायदा झाला 2025 मध्ये. जवळच मर्थरला 2023 मध्ये बंद झालेल्या खुल्या खाणीचा खड्डा कसा बुजवायचा यावर अजून वाद चालू आहे.

एक योगायोग मनातून जात नाही. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वीर बाबुराव शेडमाके यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली ती तारीखही 21 ऑक्टोबरच, साल 1858. तिथल्या पिंपळाखाली दरवर्षी लोक जमतात. त्यांना त्या जागेऐवजी दुसरीकडे मोठं स्मारक बांधून देतो म्हणून बघा. ठाकूरदेवाच्या ठाण्याचंही तसंच. देऊळ हलवता येईल, पण डोंगरच देव असेल तर काय हलवणार?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. खाणीच्या नव्या पट्ट्याच्या फायलीत टनांच्या आधी दोन नकाशे लागावेत. एक खालच्या जुन्या पोकळ्यांचा, दुसरा वरच्या ठाण्यांचा, मसणवट्यांचा, मृतांच्या नावानं पुरलेल्या दगडांचा, आणि हा दुसरा ग्रामसभेनं काढलेला. ते नसतील तर जनसुनावणीच नको. कोळसा खाण बंद करण्याचा खर्च वेगळ्या खात्यात राखून ठेवायचा नियम आपल्याकडे 2009 मध्ये आला, पण त्याआधी बंद झालेल्या खाणी त्यात नव्हत्या. घुग्घुससारख्या गावांखाली आहेत त्या याच खाणी.

माझ्या घराचा तो अहवाल मी आतेभावाला पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग विचारलं, "हा कागद आपल्या नगर परिषदेत भेटते का?" आता माहितीच्या अधिकारात अर्ज करतोय. नाव त्याचं, मसुदा माझा.