प्रेक्षक नव्हते म्हणून संघ बुडाला? हॅमिल्टनवाल्यांना विचारा

कॅनडातल्या बंद पडलेल्या हॉकी-फुटबॉल संघांचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतंच. "लोकच यायचे नाहीत मॅचला, मग काय होणार!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. (हॉकी म्हणजे बर्फावरची, हे वेगळं सांगायला नको.)

हॅमिल्टन टायगर्सचंच घ्या. सलग चार मोसम तळाला राहिलेला हा संघ १९२५ मध्ये एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीग, तिकडची सगळ्यात मोठी हॉकी स्पर्धा) गुणतक्त्यात थेट पहिला आला. त्या वर्षी सामने २४ वरून ३० केले होते, पगार मात्र तेवढाच. कप्तान शॉर्टी ग्रीन आणि मंडळींनी जादा कामाचे माणशी २०० डॉलर मागितले, नाहीतर प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीला, उतरणार नाही म्हणाले. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी अख्खा संघच निलंबित केला. वर दंड किती? माणशी २००च डॉलर! मग सगळे खेळाडू ७५ हजार डॉलरला न्यूयॉर्कला विकले. घेणारा बिल ड्वायर, दारूबंदीच्या काळातला बडा चोरटी दारूवाला. तेव्हापासून आजतागायत हॅमिल्टनला एनएचएलचा संघ मिळालेला नाही. यात प्रेक्षकांनी काय घोडं मारलं होतं?

फुटबॉलमध्ये तेच. १९७९ मध्ये व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सनी न्यूयॉर्क कॉसमॉससारख्या गडगंज संघाला घरी बसवलं आणि अंतिम सामन्यात टँपा बेला २-१ नं हरवलं. मिरवणुकीला लाखभर माणूस रस्त्यावर. पण त्यांच्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगनं हौसेनं २४ संघ करून ठेवले होते, ते १९८४ पर्यंत ९ उरले आणि लीगच बसली. व्हाइटकॅप्सही गेले.

त्याच लीगमधल्या माँट्रियल मॅनिकचा किस्सा तर अजबच. १९८१ मध्ये प्लेऑफच्या एका सामन्याला ऑलिंपिक स्टेडियमवर ५८ हजारांवर लोक होते. संघाची मालकी मोल्सन या बिअर कंपनीकडे. तिथं कुणाच्या तरी डोक्यात आलं, की १९८४ पासून हाच संघ 'टीम कॅनडा', म्हणजे देशाचा राष्ट्रीय संघ, करू. कुठे? माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमध्ये! कॅनडापासून स्वतंत्र व्हायचं का यावर तिथं १९८० मध्येच सार्वमत झालं होतं. लोक भडकले, गर्दी निम्म्याखाली आली आणि १९८३ मध्येच गाशा गुंडाळला. हो, इथे लोक आले नाहीत. पण का आले नाहीत, ते कुणी सांगत नाही.

आणि क्यूबेक नॉर्डिक्स, त्याच प्रांतातल्या क्यूबेक शहराचा एनएचएलमधला हॉकी संघ. शहर लहान, मान्य. पण १९९५ मध्ये हा संघ आपल्या गटात अव्वल होता. अडचण अशी, की तिकिटांचा गल्ला कॅनडियन डॉलरमध्ये आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तेही कॅनडियन डॉलर पाऊण अमेरिकन डॉलरच्याही खाली गेलेला असताना. मालकांनी सरकारकडे हात पसरले, जमलं नाही, आणि संघ साडेसात कोटी अमेरिकन डॉलरला डेन्व्हरला गेला. पुढच्याच वर्षी तिथं स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद! गोलकीपर पॅट्रिक रॉय, माँट्रियलहून आणलेला. नॉर्डिक्स क्यूबेकमध्येच असते तर माँट्रियलनं आपल्या कट्टर वैऱ्याला रॉय दिला असता का? स्वप्नातही नाही.

क्यूबेक शहरानं २०१५ मध्ये नवं कोरं स्टेडियम बांधून संघासाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी एनएचएलनं संघ दिला लास व्हेगसला, वाळवंटात. क्यूबेकचा अर्ज लांबणीवर. आणि दिलेल्या कारणांत पुन्हा तोच, घसरलेला कॅनडियन डॉलर.