तुटलेला पूल टेबलावरून काढा म्हणे

आज इथे बडोद्यात भाचीच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं, हाफ डे टाकून गेले होते आणि आता रात्रीचे साडेअकरा वाजले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे ओततेय. लांबलचक होणार आहे, कंटाळा येत असेल तर सरका पुढे.

पहिला नंबर कोणाला? हायड्रॉलिक जेसीबीला. तोच तो पिवळा, पुठ्ठ्याचा, सिरिंजा आणि नळ्या लावलेला, स्टेशनरीच्या दुकानात तयार लटकलेला असतो तो. हॉलमध्ये तसले तीन होते, तिघांचा पिवळाही सेम. एका मुलाला मी सहज विचारलं की बेटा, नळीत पाणी का भरलंय, हवा का नाही चालणार? तो आईकडे बघायला लागला आणि आई मोबाईलकडे. अरे, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, नळीत एक बुडबुडा राहिला तरी तो हात नुसता पिचपिच करतो, उचलत काही नाही. हे त्या पोरानं स्वतः भरलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं त्याला. घरातली फरशी ओली झाली असती, झाली असती तर झाली असती!

आता आमच्या बाईसाहेबांचं, म्हणजे भाचीचं. सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या पाच पोरांना मी पूल बांधायला लावला होता. मकरपुऱ्याच्या इंडस्ट्रियल एरियात दिवसभर इंजिनिअरिंगची ड्रॉइंगंच काढते मी, तरी हा एवढासा प्रोजेक्ट ठरवायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातला बराचसा वेळ पोरांना काय सांगायचं नाही हे ठरवण्यात गेला. आईस्क्रीमच्या 100 काड्या, फेविकॉल, दाबून धरायला कपड्यांचे चिमटे. दोन स्टुलांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर. पुलाच्या मध्यावर बादली टांगायची आणि लिटरच्या मापानं पाणी ओतत जायचं, एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाट्याची भानगड नको. अट एकच, बादली टांगायच्या आधी पेन्सिलीनं खूण करायची की तुटला तर कुठे तुटेल.

हिनं खूण केली खालच्या काडीवर, बरोब्बर मधे. सहा लिटरला वरची काडी हळूच बाजूला कमानीसारखी वाकली आणि तड! खालची जशीच्या तशी. ही ओल्या फरशीवर फतकल मारून बघत बसली, सगळ्या घरात शांतता, आणि माझ्या अगदी जिभेवर आलं होतं सांगायला. नाही सांगितलं. हात मागे बांधून उभी राहिले, आजोबांसारखी.

आजोबा म्हणजे माझे, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर होते. मी दहा वर्षांची असताना दांडिया बाजारच्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर उत्तरायणच्या (म्हणजे संक्रांतीच्या) आदल्या दिवशी मी स्वतः पतंग केला होता, खाकी कागदाचा, झाडूच्या काड्यांचा. वर जायचा आणि डावीकडे गोता खायचा. परत वर, परत डावीकडे. आजूबाजूच्या गच्च्यांवरची पोरं हसत होती. आजोबा मागे हात बांधून उभे. मी रडकुंडीला आल्यावर म्हणाले काय, तर "कुठल्या बाजूला पडतोय?" बस. मी म्हटलं डावीकडे. म्हणाले, "मग?" आणि गेले खाली चहा प्यायला.

हो, चहा प्यायला गेले! तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता. मग मी तो ढढ्ढा, म्हणजे पतंगाची मधली उभी काडी, बोटावर तोलून बघितला, डावी बाजू खाली जात होती. उजव्या टोकाला आईच्या जुन्या साडीची चिंधी बांधली, किन्ना (मांजा जोडायचा दोरा) सोडून परत बांधला. उडाला. फार नाही, समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर थोडा, पण सरळ.

तर आमची भाची दुसऱ्या दिवशी म्हणते, मावशी, वरच्या लांब काडीला मधे टेकू दिला तर ती वाकणार नाही ना? मी म्हटलं "मग?" (खरंच म्हटलं, आणि अंगावर काटा आला माझ्या.) कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सेकंड इयरला आम्हाला हे फळ्यावर शिकवलं होतं, दाबाखालच्या काडीची लांबी निम्मी केली की वाकायला चौपट जोर लागतो, मी पाठ केलं आणि पास झाले. हिला ते बादलीनं शिकवलं. दुसरा पूल 14 लिटरला तुटला, आणि या वेळी पेन्सिलीच्या खुणेपासून दोन बोटांवर.

हे दोन्ही तुटलेले पूल ती आज घेऊन गेली होती. तुटल्या जागी लाल दोरा बांधलेला, बाजूला वहीचं पान, किती लिटर, कुठे वाटलं, कुठे तुटला. आणि जजबाई आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "बेटा, आ तूटेलुं हटावी ले, टेबल सारुं नथी लागतुं." (हे तुटलेलं काढून टाक, टेबल चांगलं दिसत नाही.) वर्किंग मॉडेल पाहिजे म्हणे. अहो बाई, तुटणं हेच तर त्याचं वर्किंग होतं!

तिनं गुपचूप दोन्ही पूल दप्तरात भरले. काड्या मोडल्याचा आवाज आला मला.

हे सगळं कोणत्या गावात, तर जिथे सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, हातानं काम करायला शिकवणारं, तेही आपल्या भाषेत, आणि आपले दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. आता 2016 पासून सरकार अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे पोरांनी स्वतः खटपट करून वस्तू बनवायच्या खोलीसाठी, एकेका शाळेला 20 लाखांपर्यंत देतंय, चांगलंच आहे, पण मी एका शाळेतली बघितली, थ्रीडी प्रिंटरला प्लास्टिकचं कव्हर आणि खोलीची चावी प्रिन्सिपलकडे. पोरांनी हात लावला तर बिघडेल. अरे बिघडू दे ना! काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता किती वर्षं दाखवतायत की चौकोन लडबडतो आणि त्रिकोण हलत नाही, त्याला कुठली चावी लागते?

ठीक आहे, एका टीचरला पन्नास पोरं असतात, मान्य. आईबाप रात्री आठला घरी येतात, हेही मान्य, आणि माझा भूगोलाचा चार्ट आईनं रंगवला होता हे तीच खाली कमेंटमध्ये येऊन सांगेल, त्यापेक्षा मीच सांगते. पण मग नंबर तरी देऊ नका ना तयार मालाला. सगळ्यांना शंकरपाळे द्या आणि घरी पाठवा.

असो. आता जरा उतरलाय राग. तिकडे आमच्या बाईसाहेब मात्र जेवून खाऊन ठणठणीत आहेत. मगाशी फोन आला, मी समजूत घालायच्या तयारीत, तर म्हणते मावशी, पुलाचं झालं, आता उत्तरायणला पतंग मी करणार, तुझ्यासारखा झाडूच्या काड्यांचा नको, बांबूचा, कमान काचेनं घासून दोन्हीकडे सारखी पातळ करणार. आजोबांची गोष्ट तिला कोणी सांगितली कोण जाणे, मी तरी नाही.

गेंडीगेटला सुट्या बांबूच्या कामट्या कोणाकडे मिळतात माहीत असेल तर सांगा. गेल्या वर्षी दोन दुकानदारांनी तयार पतंगच हातात ठेवले होते.