पन्नास पौंड, पोट आणि ओझरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या १९७४ सालच्या सेसना १७२एम विमानाचं रिकामं वजन १,४६२ पौंडांवरून १,४१२ वर आणलं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांची उभी हयात नाशिकजवळच्या ओझरला हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करण्यात गेली. त्यांचं म्हणणं असं: पन्नास पौंडांसाठी डॉलर ओतण्यापेक्षा वैमानिकाने पोट कमी करावं, ते फुकटात होतं. शिवाय कामाआधी काट्यावर विमान जुन्या कागदावरच्या नोंदीपेक्षा ३१ पौंड जास्त भरलं होतं, तेव्हा खरी कमाई १९ पौंडांचीच. आणि शेवटचं, जे जरा लागलं: "आमच्याकडे एक स्क्रू बदलायला चार सह्या लागायच्या. तुम्ही माळा आवरल्यासारखं विमान आवरताय. कंपनीच्या इंजिनिअरांना काय कळत नव्हतं?"

पोटाचा सल्ला घरातूनही रोज मिळतो, त्यामुळे त्यावर वाद नाही. पण विमान आम्हा तिघांच्या मालकीचं आहे आणि बाकीच्या दोन पोटांवर माझी सत्ता चालत नाही. माझं वजन मी उतरलो की माझ्याबरोबर खाली उतरतं. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरचं उतरत नाही, ते प्रत्येक उड्डाणात फुकट प्रवास करतं.

आता पन्नास पौंड, म्हणजे साधारण २३ किलो, याने नेमकं काय हाती लागतं ते बघू. या मॉडेलचं कमाल वजन २,३०० पौंड. आई-बाबा पुण्याहून आले की आम्ही चौघं बसतो. प्रत्येकी १७० धरले तर ६८० पौंड झाले. आधी इंधनाला १५८ पौंड उरायचे, म्हणजे २६ गॅलन. आता २०८ उरतात, म्हणजे जवळपास ३५ गॅलन. हे इंजिन तासाला आठेक गॅलन पितं. एक तास वाढला, काका. टाक्यांमधलं वापरता येण्यासारखं इंधन एकूण ३८ गॅलन असतं, तेव्हा चौघं बसूनही टाक्या जवळजवळ भरता येतात. दिवसा किमान अर्ध्या तासाचं इंधन राखीव ठेवावंच लागतं, ते वजा केल्यावर हा एक तास केवढा मोठा वाटतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

चढण्याच्या वेगात मात्र फार फरक नाही, आणि तो पडेल असं मी लिहिलेलंही नाही. समुद्रसपाटीला पूर्ण वजनात हे विमान मिनिटाला ६४५ फूट चढतं असं पुस्तक सांगतं. आमचं कोलोरॅडोतलं लाँगमाँटचं मैदान पाच हजार फुटांवर आहे. जुलैत दुपारी पारा ३२ वर गेला की विमानाला ती हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वाटते आणि ६४५चे तीनशेच्या आसपास उरतात. पन्नास पौंड हलकं विमान माझ्या हिशेबाने तिथे फार तर वीस-पंचवीस फूट जास्त देईल. सुईकडे बघून ते कळणारसुद्धा नाही. अशा दुपारी चौघांना घेऊन निघायचंच नाही, हा खरा उपाय, आणि तो तुमच्या सल्ल्याइतकाच फुकट आहे.

३१ पौंडांचं गणित मला अर्धंच मान्य आहे. जुन्या कागदावर १,४३१ होते, पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यात इंजिनचं तेल धरलेलं नव्हतं. ते भार मोजताना वेगळ्या ओळीत लिहायचे. आठ क्वार्ट तेलाचे १५ पौंड होतात. नव्या मोजणीत तेल पूर्ण भरलेलं धरतात. तेव्हा छुपे निघाले ते सोळा. पण हे सोळा पौंड कागदावर नसले तरी विमानात होतेच ना? इतकी वर्षं पंखांनी ते उचललेच. कागदाशी तुलना करून "१९च कमी केले" म्हणणं म्हणजे ज्याने आधी मोजलं नाही त्याला बक्षीस देण्यासारखं आहे. जुन्या विमानांचं वजन वर्षानुवर्षं बेरीज-वजाबाकीवर चालतं. कोणी रेडिओ बसवतो आणि लिहितो, कोणी जुना काढतो आणि त्याच्या वायरी तशाच सोडतो, कोणी नवीन गालिचा अंथरतो आणि काहीच लिहीत नाही. म्हणून सुरुवात काट्यापासून केली. इंधन काढून टाकलं, शेपटीच्या डाव्या अंगाचे दोन स्क्रू पातळीत आणले, तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. कुणाला या कामातलं एकच काही करायचं असेल तर मी हेच सांगेन, पुढचं नाही केलं तरी चालेल.

कंपनीच्या इंजिनिअरांना सगळं कळत होतं. त्यांनी विचिटाहून पाठवलेलं विमान आमच्यापर्यंत आलंच नाही, मधल्या मालकांनी भर घालत घालत वाढवलेलं विमान आलं. पॅनेलच्या मागे हात घातला तेव्हा मनगटाएवढी जाड वायरींची मोळी हाताला लागली. मेणाच्या दोऱ्याने बांधलेली, टोकं कापून चिकटपट्टीत गुंडाळलेली, काहींवर अजून कुणाच्या तरी अक्षरातल्या चिठ्ठ्या. त्यातल्या एका वायरीचा माग काढत छतापर्यंत गेलो तर ती लोरानच्या, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून ठिकाण सांगणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, अँटेनाला जाऊन भेटली. अमेरिकेतलं लोरान ८ फेब्रुवारी २०१० ला बंद झालं. ती अँटेना त्यानंतरही वारा खात बसली होती! एडीएफचा (रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या जुन्या उपकरणाचा) डबा, त्याची अँटेना, लोरानचा रिसीव्हर आणि या मेलेल्या वायरी मिळून १३ पौंड निघाले.

सामानाच्या कप्प्यामागचा काचलोकरीचा थर काढला, तेव्हा वजनाचा विषय मी काही वेळ विसरलोच. लोकर ओलसर होती, एका कोपऱ्यात उंदराचं जुनं घरटं होतं, आणि त्याच्या खालच्या पत्र्यावर पांढरी भुकटी धरलेली. उंदराच्या मुतासारखा ॲल्युमिनियमचा वैरी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सुदैवाने गंज वरवरचा होता. घासून, प्रायमर मारून भागलं. ती लोकर वजनाच्या निमित्ताने बाहेर काढली नसती तर आणखी किती वर्षं तिथे कोणी बघितलं नसतं, याचा विचार करा. माळा आवरलाच म्हणायचा असेल तर हो, आवरला.

खर्चाचं सांगायचं तर निव्वळ वजनासाठी चांगली वस्तू काढून फेकलेली नाही. जुना प्रेस्टोलाइट स्टार्टर सतरा-अठरा पौंडांचा होता, आणि तो मेलाच होता. तो पुन्हा भरून घेणं आणि आठ पौंडांचा नवीन घेणं यात पैशांचा फार फरक नव्हता. जायरो फिरवण्यासाठी हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचंही तसंच. कोरड्या पंपाची कार्बनची पाती मोडताना सांगून मोडत नाहीत, आणि ढगात असताना ती मोडली तर क्षितिज दाखवणारा जायरो हळूहळू खोटं बोलायला लागतो. पंप, नळ्या, फिल्टर आणि दोन्ही जायरो काढून त्या जागी गार्मिन कंपनीची जी५ ही दोन इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसवली. एकेक पौंडाच्या आतलं, पाठीशी स्वतःची चार तासांपर्यंत चालणारी बॅटरी. वजन ११ पौंडांनी घटलं. पण ते घटलं नसतं तरी मी हा बदल केलाच असता.

आता सह्या आणि तोल. इथे तुमच्याशी माझं शंभर टक्के जमतं, आणि माझ्या लेखात हा भाग दोन ओळींत उरकला होता म्हणून सविस्तर लिहितो. स्टार्टर प्रॉपेलरच्या मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, साधारण ३० इंच पुढे असतो. सेसनात सगळी मापं फायरवॉलपासून मोजतात, म्हणजे त्याचा आर्म (तिथून मोजलेलं अंतर) उणे ३० झाला. विमानाचा रिकामा गुरुत्वमध्य ३९.२ इंचांवर होता. तेव्हा तिथून फक्त दहा पौंड काढले की ६९ इंचांच्या तरफेने गुरुत्वमध्य जवळपास अर्धा इंच मागे सरकतो. एका स्टार्टरने! पूर्ण वजनाला गुरुत्वमध्याला मुभा ३८.५ ते ४७.३ इंच एवढीच आहे, त्यात अर्धा इंच थोडा नाही. उलट शेपटीतून स्ट्रोबचा (लुकलुकणाऱ्या दिव्याचा) जुना पॉवर सप्लाय आणि ती लोकर मिळून सहाच पौंड काढले तर त्यातला ०.३ इंच परत पुढे आला. गालिचे आणि पॅनेलमागचं सामान धरून शेवटी गुरुत्वमध्य ३९.७ वर थांबला. चौघं आणि ३५ गॅलन बसवून बघितलं तर ४५.० येतो, मर्यादेत. मागे सामान टाकायचं असेल तर हिशेब पुन्हा करायचा, आणि वजनासाठी तेवढं इंधन कमी भरायचं.

सह्या इथेही लागतात. जी५ चा बदल मंजूर एसटीसीप्रमाणे, म्हणजे अशा बदलासाठी सरकारी विमान खात्याने दिलेल्या मंजुरीप्रमाणे, झाला, आणि त्याची नोंद करणारा ३३७ फॉर्म भरला गेला. एडीएफ काढल्याची नोंद मेकॅनिकने लॉगबुकात केली, उपकरणांच्या यादीतून तो खोडला, आणि वजन-तोलाचा नवीन तक्ता सही-तारखेसकट विमानात ठेवला. जुन्या तक्त्यावर "रद्द" असं आडवं लिहिलं आहे, पण फेकलेला नाही. मी मालक म्हणून नटबोल्टांचे पाने फिरवतो, पुसतो, वायरी धरून उभा राहतो; सही माझी चालत नाही आणि चालू नये.

रंगाला हात लावला नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही म्हणून सांगतो. जुने थर उतरवले तर पौंड बरेच निघतील, पण मग एलेव्हेटर-एलेरॉन (शेपटीचे आणि पंखांचे हलणारे भाग) पुन्हा समतोल करून घ्यावे लागतात आणि नंतर रंग द्यावा तर लागतोच. तिथे मी हात जोडले.

राहता राहिली लिथियमची बॅटरी. तिच्यावर तुम्ही सर्वात जास्त चिडलात, आणि ती मी बसवलेलीच नाही! लेखात "हाही पर्याय आहे" एवढंच होतं. एका फटक्यात १८ पौंड निघतात हे खरं. पण आमची साधी बॅटरी अजून धडधाकट आहे, नवीची किंमत तिच्या कितीतरी पट आहे, आणि १७२एममध्ये बॅटरी फायरवॉलच्या पुढच्या अंगाला असते, म्हणजे गुरुत्वमध्य पुन्हा मागेच जाणार. सध्याची मेली की तेव्हा आकडे मांडून बघू. मिग उतरवून त्यांचं वजन तुम्ही ओझरला कसं करायचात, दर किती दिवसांनी, त्यावर तुम्हीच लिहा. इथे छापायला मला आवडेल.