दगड मारून पक्षी उडवणाऱ्यांनो, कॅमेरे घरी ठेवा

आज परत तेच झालं. पहाटे साडेपाचपासून तळ्याच्या काठावरच्या गवतात पोटावर पडून होतो, कोपरं चिखलात, लेन्सवर दव, तासभर हललो नाही, तेव्हा कुठे पट्टकादंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांचा, थवा चरत चरत माझ्याकडं सरकायला लागला. एक तर इतका जवळ आला की डोक्यामागचे दोन काळे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. आणि तेवढ्यात मागून एक जण ताडताड चालत आला, गळ्यात भलीमोठी लेन्स, दगड उचलला आणि दिला भिरकावून पाण्यात. का? तर फ्लाइट शॉट पाहिजे!! अख्खा थवा गेला.

अरे, हा पक्षी हिमालय ओलांडून येतो रे, ट्रॅकर लावून बघितलंय लोकांनी, ७ हजार मीटरच्याही वर गेलेत हे. उन्हाळ्याच्या तोंडाला परत तेवढंच अंतर कापायचंय, त्यासाठी हिवाळाभर चरून अंगात चरबी साठवतात आणि तुम्ही सकाळी चार वेळा उडवून तीच जाळायला लावता. उडतानाच पाहिजे ना, मग थांब की. उडायच्या आधी ते माना ताणतात, डोकी झटकतात, आवाज वाढतो, सगळं दिसतं. पण थांबायचंच नाहीये कुणाला.

घरट्यांचं तर बोलूच नका. टिटवीची अंडी उघड्यावर, खड्यांत मिसळून गेलेली, बहुतेक वेळा चार. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गार राहावीत म्हणून. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी पाच-सहा जण कोंडाळं करून बसलेले, मोबाइल अंड्यांपासून वीतभर, आणि ती डोक्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडतेय. २० मिनिटं! उठा म्हटलं तर "तळं तुमच्या मालकीचं आहे का" हे उत्तर. अंडी आत शिजतायत हे कळत नाही का यांना??

आणि पक्षी जवळ यावा म्हणून स्पीकरवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवणारे वेगळेच. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.

बरं, दगड मारून मिळतं काय, तर शेपट्या. घाबरलेला पक्षी तुमच्याकडं पाठ करूनच पळणार ना! आज साडेनऊपर्यंत बसलो मी तिथंच. एकही पट्टकादंब परत उतरला नाही.