ढगातलं झाड आणि आपली गॅलरी

रानात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणारं ब्रोमेलियाड घ्यायचंच तर फुललेलं घ्या. लाल तुऱ्यातून जांभळी फुलं डोकावणारं. ब्रोमेलियाडच्या पुष्कळ जाती जन्मात एकदाच फुलतात, तेही कित्येक वर्षांनी. बी धरायच्या आत झाड फांदीवरून उतरलं की पुढच्या पिढीची कटकट मिटली. बुडाशी चिकटलेली पिल्लं सोबतच येतात, वर पैसे पडत नाहीत.

मळ्यातलं की मेघवनातून, म्हणजे सतत धुक्यात बुडालेल्या डोंगरी रानातून ओरबाडलेलं, असलं विक्रेत्याला विचारू नका. आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री तळलेला गराडू विकणाऱ्याला विचारता का, कंद कुठल्या शेतातला? मेक्सिकोत अशी वनं देशाच्या एक टक्क्याहूनही कमी जमिनीवर उरलीत. त्यातही कॉफी, गुरं आणि कुऱ्हाड आहेच. आपल्या एका कुंडीनं काय फरक पडतो!

मुलगा अमेरिकेहून येणार असेल तर बॅगेतूनच मागवा, तपासणीबिपासणी कशाला? १९८९ मध्ये फ्लोरिडात मेक्सिकोतून आलेल्या ब्रोमेलियाडांबरोबर एक सोंडा सापडला. गव्हातल्या सोंड्याचा भाऊबंदच, पण हा झाडाचा गाभा पोखरतो. तिथली रानातली ब्रोमेलियाडं अजून त्याला पोसताहेत.

घरी आणल्यावर आई म्हणेल, "अगं, हा तर अननसाचा शेंडा!" आईचं ऐकू नका. (कूळ एकच आहे, ती बरोबर आहे, पण अडीच हजार मोजल्यावर हे कबूल कसं करायचं?)

आता पाणी. हे पानांवरच्या बारीक खवल्यांनी धुकं पितं. मुळं बहुतेक फांदी धरण्यापुरती. आपण जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी पितो, त्यालाही तेच द्या, नळ येईल त्या दिवशी. मेमध्ये पारा बेचाळीसवर गेला की कूलरसमोर ठेवा, ढगात असल्यासारखं वाटेल. तसंही कोस्टा रिकात मॉन्तेवेर्देच्या डोंगरावर १९७०च्या दशकापासून धुक्याविना जाणारे दिवस वाढलेत. त्याला सवय व्हायला हवी. पानांच्या मधल्या वाटीत पाणी साचलं तर डेंग्यूच्या धास्तीनं दोन थेंब फिनाइल टाका. रानात त्या वाटीत बेडकांची पिल्लं वाढतात. तिसऱ्या मजल्यावर बेडूक कुठून येणार? आणि ओंडक्यावर बांधायला तांब्याची तार घ्या. तांबं त्याला विष आहे, पण दिसतं छान.

जूनच्या आत पानं तपकिरी होऊन वाटी हातात येईल. सकाळी कचऱ्याची गाडी आली की वाळलेलं झाड ओल्यात टाकायचं की सुक्यात, तेवढं मात्र नीट विचारून घ्या. इंदूरच्या नावाचा प्रश्न आहे.