नार्निया, ख्रिस्त आणि मुलांची 'फसवणूक'

नमस्कार. नार्निया या जादूच्या देशाच्या गोष्टी सांगणारी सी. एस. लुईस यांची पुस्तकं मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी सुचवली, त्यावर तुम्ही लिहिलंत की हा गोष्टीआडून केलेला धर्मप्रचार आहे आणि पालकांना न सांगता तो मुलांच्या हाती देणं ही फसवणूक आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यात ख्रिस्त आहे, हे खरंच. पहिल्या पुस्तकात एडमंड या मुलाच्या गुन्ह्यासाठी अस्लान हा सिंह मरण पत्करतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. लुईस यांनी हे कधी लपवलं नाही. १९३१ मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले होते, आणि १९५० ते १९५६ दरम्यान ही सात पुस्तकं आली त्याआधीच बीबीसीवरच्या धर्मविषयक भाषणांमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं.

पण प्रवचन कसं असतं ते जॉन बन्यनच्या १६७८ च्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या धार्मिक रूपककथेत पाहा. तिथे राक्षसाचं नावच निराशा, त्याचा किल्ला शंकेचा. एडमंड असा कुठल्या दुर्गुणाचा पुतळा नाही. तो थंडीने कुडकुडणारा, मोठ्या भावावर जळणारा पोरगा आहे. आधी तो धाकट्या बहिणीला सगळ्यांसमोर खोटं पाडतो, मग चेटकिणीकडची टर्किश डिलाइट ही मिठाई आणखी मिळावी म्हणून भावंडांचा घात करायला निघतो. ख्रिस्ताचं नाव न ऐकलेल्या मुलालाही ती शरम कळते, कारण बहिणीला असं तोंडघशी पाडणं त्याने स्वतः केलेलं असतं.

'द लास्ट बॅटल' या शेवटच्या पुस्तकात नार्नियाच्या शत्रूदेशातला एमेथ हा तरुण शिपाई जन्मभर टॅश या आपल्या देवाला भजतो. अस्लान त्याला सांगतो, मनापासून केलेली तुझी सेवा माझ्याकडेच पोचली. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, श्रद्धेने अन्य देवतांना पूजणारेही मलाच पूजतात. ते आठवल्याशिवाय मला हे पान वाचता येत नाही. माणसं बाटवायला निघालेला प्रचारक असं लिहील, हे मला पटत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. एमेथचे देशबांधव सावळे, पगडीवाले, वाकड्या तलवारींचे, आणि बहुतेक क्रूर दाखवलेत. एडमंडच्या मोठ्या बहिणीला, सुझनला, लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि आमंत्रणं आवडू लागली, तर ती नार्नियाची मैत्रीणच उरली नाही म्हणे! सावळ्या मुलांना आणि वयात येणाऱ्या मुलींना हे बोचतं, आणि ते बोचायलाच हवं. म्हणून पहिलं पुस्तक मी आजही निःशंक सुचवेन. 'द लास्ट बॅटल' मात्र मुलांनी थोडं मोठं झाल्यावर, घरातल्या कुणासोबत बसून वाचावं.